स्टॉप कुणी सांगितला

एका बाईची नोकरी माझ्यामुळे गेली आणि ही गोष्ट मी तिच्यापासून बराच काळ लपवून ठेवली. एवढेच असते तर कदाचित मी स्वतःची कशीबशी समजूत घातली असती. परंतु माझ्या गप्प राहण्यामुळे तिची जिवाभावाची मैत्रीणही तिला दुरावली, आणि ते दुरावणे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. मी हळू बोलतो. लहानथोरांना अहोजाहो करतो. असा माणूस काही दडवून ठेवील अशी शंका सहसा कुणाला येत नाही, आणि या सोयीचा मी पुरेपूर उपयोग करून घेतला, हेही इथेच लिहून टाकलेले बरे.

हुडकेश्वरला एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचे प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या स्त्रियांच्या खात्यावर सरकारची मासिक मदत जमा होते, त्यांना शिवणकाम शिकवून बुटीबोरी किंवा मिहानच्या बाजूच्या कारखान्यांत कामाला लावून द्यायचे, हा आमचा उद्योग. शिवणकाम शिकवायला एक बाई येतात. मुलाखतीची तयारी करून घेणे, कंपन्यांशी बोलणे आणि स्त्रियांच्या घरच्या मंडळींना राजी करणे ही कामे माझ्याकडे. वर्गाचा दंगा इतका असे, की खालचा दुकानदार जिन्यात भेटला की विचारी, "सर, वर शिलाई चालते का बारसं?"

या दंग्याला मुख्यतः दोघी जबाबदार होत्या. एक हुडकेश्वरचीच, सडपातळ, तरतरीत, एका मुलीची आई. तिला मी ताई म्हणत असे, म्हणून इथेही ताईच म्हणतो. दुसरी तिची मैत्रीण, वर्गात एकटीच गाडीवर येणारी, म्हणून सगळ्या तिला स्कूटीवाली म्हणत. दोघींची मशिने शेजारी शेजारी होती आणि तोंडे मशिनांपेक्षा वेगाने चालत.

मुलाखतीच्या सरावात मी टेबलापलीकडे साहेब होऊन बसत असे. एकदा ताईंना विचारले, "आम्ही तुम्हालाच का घ्यावे?"

"तुमच्याकडं मशीन रिकामी पडून राहिली म्हणून."

"बरे. तुमचा एखादा दोष सांगा."

"लय बोलणं होते माझ्याकडून."

"हे साहेबले आधीच समजलं वं," स्कूटीवाली मागून म्हणाली. "दुसरा सांग."

मी साहेब राहू शकलो नाही, हसू लागलो. ते दिवस आठवले की अजूनही हसू येते आणि त्या हसण्यामागोमाग थोडी लाजही येते. कारण वर्गात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट मला एकट्यालाच कळत नव्हती.

एके दिवशी ताई पदर पुढे ओढून आल्या. डोळ्याखाली काळेनिळे झाले होते. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, न्हाणीत पाय घसरला.

"तुही न्हाणी लय घसरडी आहे वं," स्कूटीवाली दोरा ओवता ओवता म्हणाली. "फरशी बसवली का साबण?"

साऱ्या जणी हसल्या. ताईही हसल्या. मीही हसलो, आणि वर एक रबरी चटई घेण्याचा सल्ला दिला. इतक्यावर न थांबता पुढच्या आठवड्यात घरगुती अपघात कसे टाळावेत, या विषयावर मी वर्गासमोर थोडे बोललोदेखील. स्त्रियांनी ते अतिशय शांतपणे ऐकून घेतले. तो त्यांचा माझ्यावरचा मोठाच उपकार होता.

त्याच दिवसांत माझे एक आवडते मत होते आणि चहाच्या टपरीवर ते मी सहकाऱ्यांना ऐकवीत असे. खात्यावर आपोआप पैसे पडू लागले, की माणसाची उठून कामाला जाण्याची इच्छा मरते, असे ते मत. पुरावा मी वर्गातलाच देई. मुलाखतीच्या दिवशी एकीचा फोन फुटलेला असे. दुसरीचे आधार कार्ड नेमके त्याच सकाळी सापडत नसे. तिसरीचा इस्त्री केलेला पोशाख बादलीत भिजत पडलेला असे. चौथी आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून पेंगत येई आणि साहेबांपुढे स्वतःचे शिक्षणही धड सांगू शकत नसे. हे सगळे मी निष्काळजीपणात जमा करीत गेलो. फोन आपोआप फुटत नाही, पोशाख आपणहून बादलीत उतरत नाही, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. ती मी वापरली नाही.

पुढे एकदा ताईंनीच मला हे समजावले. "सर, त्या मदतीच्या पैशाचं त्याले काही वावडं नाही," त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या होत्या. "ते मी घरात बसली तरी येतात. कार्डही त्याच्याच खिशात. पगारासाठी बाहेर जावं लागते ना. चार माणसं ओळखीची होतात. तेच त्याले खपत नाही." एवढे स्पष्ट त्या बोलल्या, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

आता माझ्या कामाच्या पद्धतीविषयी सांगायला हवे, कारण चूक तिथेच दडलेली होती. प्रत्येक तुकडीच्या सुरुवातीला मी 'घरच्यांची बैठक' घेत असे. नवरे, सासरे, दीर यांना रविवारी सकाळी बोलावायचे, तर्रीपोहे खाऊ घालायचे, आणि आपल्या परवानगीवाचून हे कार्य होणे नाही, अशा शब्दांत त्यांची मनधरणी करायची. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. शहराच्या जुन्या महाल भागातल्या ज्या कारकुनी घराण्यात मी वाढलो, तिथे घरातल्या बाईसाठी आलेला निरोपसुद्धा आधी पुरुषाच्या कानावर जाई. ती रीत मी तशीच केंद्रात उचलून आणली होती आणि तिला मी 'समन्वय' म्हणत असे. बैठकीनंतर नवऱ्यांचे फोन नंबर माझ्याकडे आणि माझा त्यांच्याकडे, याचा मला अभिमान होता.

ताईंचा नवरा बैठकीला आला तो पांढरा स्वच्छ शर्ट घालून. हात जोडून बसला. तर्रीचा ठसका लागला तरी आवाज न करता खोकला. तो माझ्यासारखाच हळू बोलत असे, आणि हळू बोलणारा माणूस वाईट नसतो, असा माझा स्वतःच्या सोयीचा समज होता.

ताईंना बुटीबोरीच्या एका कपड्याच्या कारखान्यात काम मिळाले तेव्हा वर्गात पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, कंपनीचं घरी सांगू नका. जवळच्या टेलरकडं जाते म्हणून सांगतलं आहे. जरा जम बसू द्या, मग मीच सांगीन." मी मान डोलावली. कंपनीची बस घराजवळच्या चौकात थांबत असूनही त्या तिथे चढत नसत. रोज सकाळी स्कूटीवाली त्यांना पुढच्या फाट्यावर नेऊन सोडी, आणि तिथून त्या बस पकडीत. हा थांबा मीच कंपनीशी बोलून ठरवून दिला होता.

काही आठवडे असेच गेले. ताई पगाराच्या पहिल्या महिन्यात वर्गाला भेटायला आल्या, तेव्हा चालही बदललेली वाटली. मग एका सकाळी मी दाढी करीत असता फोन वाजला.

"सर, नमस्कार जी." तोच मऊ आवाज. "तुमची विद्यार्थिनी कंपनीत निघून गेली आणि डबा राहिला घरीच. दिवसभर उपाशी राहीन बिचारी. बस कुठून पकडते, सांगतलं तर नेऊन देतो."

माझ्या गालावर अर्धा फेस होता. मनात आले, याला कंपनीचे कळलेलेच दिसते. मग लपवायचे काय उरले? आणि बायकोचा डबा घेऊन धावणारा नवरा! मी भारावून गेलो. फाट्याचे नाव सांगितले, बसची वेळ सांगितली, आणि "लवकर निघा, नाहीतर चुकामूक होईल" असेही वर सांगितले. फोन ठेवून पत्नीला मोठ्या कौतुकाने हकिगत ऐकवली. ती शाळेत शिक्षिका आहे. तिची निघण्याची घाई चालली होती.

"छान," ती म्हणाली. "तुम्ही आजवर माझा डबा कुठं कुठं नेऊन दिला, ते आठवत बसा आता."

डबा नव्हताच. त्याने ताईंना बसच्या पायरीवरून हाताला धरून खाली ओढले आणि साऱ्या फाट्यासमोर मारले. दुसऱ्या दिवशीही तो बससमोर आडवा उभा राहिला. पुढच्या काही दिवसांत कारखान्याने ताईंना कळवले, की बस अडते, बाकीच्यांना उशीर होतो. तेव्हा आपण येऊ नये. मी कारखान्यात फोन केला. ते लोकही हळूच बोलत होते.

त्यानंतर ताई केंद्रात आल्या तो प्रसंग मी विसरू शकत नाही. मी कोपऱ्यातल्या माठातून पाणी पीत होतो. त्या सरळ स्कूटीवालीच्या मशिनापाशी गेल्या.

"फाट्याचं दोघींनाच माहीत होतं. मले आणि तुले."

"मी काहून सांगू वं त्याले?"

"मग कोणी सांगतलं? बसनं?"

"तुह्या लेकीची शप्पथ, मी नाही सांगतलं."

"लेकीले मधात आणू नको."

फाटा तिघांना माहीत होता. तिसऱ्याच्या हातात पेला होता आणि पेल्यातले पाणी संपले तरी त्याने तो तोंडापासून दूर केला नाही. ताईंच्या मनात माझे नाव आले नसावे, कारण मला त्यांनी विश्वासात घेतले होते. स्कूटीवालीने त्याच दुपारी आपले मशीन उचलून पलीकडच्या भिंतीला नेले. मी ते उचलू लागलो. हो, तेही केले मी.

त्या संध्याकाळी पत्नीला सगळे सांगितले. तिने मला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "सांगून टाका." मी म्हटले, योग्य वेळ पाहून सांगतो. योग्य वेळ ही माझी फार जुनी आणि विश्वासू मैत्रीण आहे. ती कधीही येऊन मला अडचणीत टाकीत नाही.

मध्ये बरेच महिने गेले. ताई मुलीला घेऊन त्या घरातून बाहेर पडल्या आणि आईकडे राहू लागल्या. ती हकिगत त्यांची आहे. सांगायची असेल तर त्या सांगतील. मी एवढेच केले, की घरच्यांची बैठक बंद केली आणि कोणत्याही बाईची माहिती तिला विचारल्यावाचून कुणालाही द्यायची नाही, असा नियम केंद्रात लावला. सहकाऱ्यांनी नियमाचे कौतुक केले. तो कुठून आला हे त्यांना मी सांगितले नाही.

ताई पुन्हा वर्गाला येऊ लागल्या, आणि खालच्या दुकानदाराला पुन्हा बारसे ऐकू येऊ लागले. फरक एवढाच, की आता विनोद दोन भिंतींकडून वेगवेगळे येत. ताई बोलल्या की स्कूटीवालीला हसू फुटे, आणि ते ती खिडकीकडे तोंड करून संपवी. ताईंचेही तसेच. एकमेकींच्या विनोदावर चोरून हसणाऱ्या दोन बायका मी कितीतरी दिवस पाहिल्या.

अशात मिहानमध्ये विमानांच्या आसनांची आवरणे शिवणारा एक छोटा कारखाना सुरू झाला आणि त्यांनी आमच्याकडच्या दोघींना निवडले. अर्थात याच दोघींना. वर्गात मोठा जल्लोष झाला.

"विमानात बसणारे मोठमोठे लोक," ताई म्हणाल्या, "आता सगळे आपल्या शिलाईवर बसतीन."

"उसवली तर?" कुणीतरी विचारले.

"तर काय, उडताना समजन त्यायले."

काम चांगले होते. पण पाळी सकाळी फार लवकर सुरू होणार होती, बस नव्हती, आणि ताईंच्या आईच्या वस्तीतून त्या वेळी ऑटो मिळणे अवघड. मार्ग एकच होता: स्कूटी. स्कूटीवाली वाटेतच राहत होती आणि तिने शिलाई शिकवणाऱ्या बाईंमार्फत निरोपही पाठवला होता, की मागची सीट रिकामी आहे. सोमवारी रुजू व्हायचे होते. जी येणार नाही तिची जागा दुसरीला जाणार होती. आणखी एक धास्ती ताईंनी मला बोलून दाखवली होती. पगार सुरू झाला की मदत थांबेल; मग ही नोकरीही आधीसारखी अध्येमध्ये सुटली, तर मुलीला घेऊन त्या उभ्या राहणार कशाच्या आधारावर? म्हणून जायचे तर रोज, न चुकता, जाता आले पाहिजे.

"मग स्कूटीवर जा," मी म्हणालो.

"नाही सर. जिनं एकदा सांगतलं ती पुन्हा सांगन. मी पायी जाईन, पण तिच्या मागं बसणार नाही."

"मिहानला पायी?"

"लोक चंद्रावर जाऊन राहिले, सर."

हा विनोद होता, आणि तो करताना त्यांचे डोळे भरले होते. मी काय केले? ओळखीच्या एका ऑटोवाल्याला फोन लावला. त्याने नकार दिला. दुसऱ्याला लावला. खरे एक वाक्य बोलण्याऐवजी मी शहरभर ऑटो शोधीत होतो.

शुक्रवारी फोन वाजला, आणि तोच मऊ आवाज आला. "सर, नमस्कार जी. ऐकलं का मिहानकडं कुठंतरी लागली म्हणते. पोरीचा वाढदिवस आहे. ड्रेस घेतला तिच्यासाठी. कंपनीचं नाव सांगतलं तर..."

"ते मी सांगणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही पुन्हा मला फोन करू नका. केलात, तर त्यांना आणि पोलिसांना कळवीन."

पलीकडून फोन बंद झाला. मला क्षणभर मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले. घरी गेल्यावर तो पत्नीला सांगितला. ती उत्तरपत्रिका तपासत होती, मान वर न करता तिने विचारले, "त्याला नाही म्हणालात, चांगलं केलंत. तिला खरं कधी सांगणार? सोमवारला मध्ये दोनच दिवस आहेत."

शनिवारी दुपारी बाकीच्या स्त्रिया जेवायला खाली गेल्यावर मी दोघींना थांबवून घेतले. स्कूटीवाली दारातच उभी राहिली. "सर, आमचा समेट करायले बोलावलं असन तर मी चालली. माझ्याकडून भांडण नव्हतंच."

"समेट नाही," मी म्हणालो. "बसा."

आणि मी सांगू लागलो. आधी कालचा फोन सांगितला, कारण तो ताईंना ताबडतोब कळायला हवा होता. मग त्या पहिल्या सकाळचा सांगितला. अर्धवट दाढी, विसरलेला डबा, फाट्याचे नाव, बसची वेळ, सगळे. माझ्या घराण्यातली रीत सांगितली, बैठकीची पद्धत सांगितली, मी कसा फसलो ते सांगितले. मला वाटते, मी बराच वेळ आणि बऱ्यापैकी व्यवस्थित बोललो.

ताई ऐकत होत्या. डब्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवले. "डबा? त्यानं डबा म्हटलं?" आणि त्या एकाएकी हसायलाच लागल्या. "त्यानं मले कधी पाण्याचा गिलास नाही देला सर. आणि तुमाले खरं वाटलं?"

"वाटले."

"लय भोळे आहा तुमी." मग त्यांचे हसणे थांबले. त्या मैत्रिणीकडे वळल्या.

स्कूटीवाली मात्र माझ्याकडे पाहत होती. "सर, तुमी तिथंच होते त्या दिवशी," ती म्हणाली. "मी लेकीची शप्पथ घेऊन राहिली होती, आणि तुमी तिथं पाणी पिऊन राहिले होते. माझी मशीन उचलू लागले तुमी."

"हो."

तिने डोळे पुसले, ते रागानेच. मग ताईंना म्हणाली, "सोमवारी तयार राहजो वं. उशीर केला तर सोडून जाईन."

"हेल्मेट दोन आहेत का?"

"एक आहे. तुह्या डोक्यात काही नाही, तुले कायले पायजे?"

"त्या एकात तू तरी काय झाकते?" ताई म्हणाल्या आणि तिचा हात धरून रडू लागल्या. स्कूटीवाली त्यांची पाठ थोपटत हसत होती, "रडू नको वं, विमानवाले पाहतीन" असे काहीबाही म्हणत होती. तेवढ्यात मी उठलो. माझे काम झाले, आता या दोघींना एकट्या सोडावे, असे मनात म्हणत दाराकडे निघालो. मला अगदी हलके वाटत होते.

"सर," ताईंनी मागून हाक मारली. "चालले कुठं? एवढं सगळं सांगतलं तुमी. घराण्याचं सांगतलं, दाढीचं सांगतलं. एक राहिलंच ना."

मला कळेना. मग कळले. इतके बोलून मी फक्त माझी बाजू समजावून दिली होती. ज्या शब्दासाठी त्यांना थांबवले, तो माझ्या तोंडून निघालाच नव्हता, आणि तो न म्हणता मी समाधानाने घरी निघालो होतो.

मी परत फिरलो. त्यांच्यासमोर उभा राहिलो. हळू बोलायची सवय, म्हणून घसा साफ करून जरा मोठ्याने म्हणालो, "ताई, तुमचा फाटा मी सांगितला. तुम्ही सांगू नका म्हणाला होतात, तरी सांगितला. तुम्हाला मार बसला, तुमची नोकरी गेली, आणि दोष यांच्यावर आला, तेव्हा मी गप्प राहिलो. त्याने मला फसवले हे खरे आहे. पण गप्प राहायला मला कुणीही फसवले नव्हते. ते माझे मी केले. मी चुकलो. तुमची माफी मागतो." मग मी स्कूटीवालीकडे वळलो. "आणि तुमचीही."